वाळूत उभे राहिलेले लव्हाळे: सिएटलखालच्या भ्रंशाचा माग

सिएटल शहराच्या कागदी इतिहासाला जेमतेम पावणेदोनशे वर्षे झाली. नोव्हेंबर 1851 मध्ये डेनी कुटुंब आणि त्यांचे सोबती अल्काय पॉइंटच्या किनाऱ्यावर उतरले, तिथून नोंदी सुरू होतात. तेव्हापासून या शहराने जे मोठे भूकंप पाहिले, म्हणजे 1949, 1965 आणि 2001 चे, त्या तिन्हींचा उगम पन्नास ते साठ किलोमीटर खोल होता. समुद्रतळाचा हुआन दे फुका भूपट्ट अमेरिका खंडाखाली खचत जातो, त्या खचणाऱ्या पट्टाच्या पोटात ते झाले. 28 फेब्रुवारी 2001 चा निस्क्वाली भूकंप 6.8 तीव्रतेचा होता; तरीही शहराचा बराचसा भाग शाबूत राहिला, कारण एवढ्या खोलीवरून वर येईपर्यंत धक्क्याचा जोर पुष्कळ ओसरतो.

तेवढाच भूकंप शहराच्या थेट पायाखाली, दहा-पंधरा किलोमीटरवर झाला तर गोष्ट वेगळी. असा उथळ भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात अशी जमिनीतली भेग, तिथे आहे का, आणि असल्यास तो शेवटचा कधी सरकला, हा या प्रकरणाचा प्रश्न. उत्तर मिळाले ते बहुतांशी भ्रंशाच्या आजूबाजूला साचलेल्या गोष्टींतून: वाळू, चिखल, बुडालेली झाडे. खुद्द भ्रंश फार थोड्या ठिकाणी डोळ्यांना दिसतो. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, की एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच नोंदी वेगवेगळ्या लोकांनी वाचल्या आणि त्या एकाच हिवाळ्यापाशी येऊन थांबल्या.

बर्फाने झाकलेला पुरावा

आधी जमीन पाहू. सुमारे 17,000 वर्षांपूर्वी कॅनडाकडून दक्षिणेला सरकत आलेल्या हिमस्तराची एक जीभ या खोऱ्यात शिरली. आज जिथे सिएटल आहे तिथे तेव्हा जवळपास एक किलोमीटर जाडीचा बर्फ होता. काही शतकांतच तो मागे हटला, पण तेवढ्या काळात त्याने सगळे नव्याने रचले. शहरातल्या लांबट टेकड्या बर्फानेच घडवल्या, आणि प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यासकट त्यांच्यामधले खोल चर बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने कोरले.

या टेकड्यांचा छेद एखाद्या कोसळलेल्या समुद्रकड्यावर सहज दिसतो. तळाशी राखाडी, चिवट चिकणमाती. हिमनदी येण्यापूर्वी तिच्या पुढ्यात पाणी अडून जे सरोवर तयार झाले, त्याचा हा गाळ. तिच्यावर वाळूचा जाड थर, जवळ येत चाललेल्या हिमनदीतून वाहून आलेला. सर्वांत वर दगड, गोटे आणि माती यांचे बर्फाच्या वजनाने घट्ट दाबलेले मिश्रण. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते, चिकणमातीपाशी अडते आणि कड्याच्या तोंडातून पाझरते. सिएटलच्या दरडी वारंवार याच सांध्यावर सुटतात; 1996-97 च्या हिवाळ्यातही बऱ्याच सुटल्या.

हिमयुगात अशी हिमजीभ एकदाच आली नाही, पुनःपुन्हा आली. त्यामुळे शहराच्या मध्यभागाखाली आणि उत्तरेला खडकावर हिमयुगीन गाळाचा जवळपास एक किलोमीटर थर आहे. त्यावर घनदाट जंगल आणि वर शहर. जमिनीवरून चालत जाऊन भ्रंश शोधायचा म्हटले तर काहीच हाती लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. बर्फाने आधीचा पृष्ठभाग खरवडून नेला. त्यापूर्वी भ्रंशाने जमिनीवर उठवलेले कडे, पायऱ्या, चिरा असे सगळे पुसले गेले. वरची पाटी तिथे सतराएक हजार वर्षांपूर्वी कोरी झाली, आणि पुढचे वाचन त्या मर्यादेतच करावे लागते.

गुरुत्वाकर्षणाने दिलेली पहिली कुणकुण

1965 मध्ये झ्देन्को दानेश आणि सहकाऱ्यांनी प्युजेट साउंडच्या परिसरातली गुरुत्वाकर्षणाची मापे प्रसिद्ध केली. दाट खडक वर असेल तिथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त, हलका गाळ खोलवर भरलेला असेल तिथे किंचित कमी. सिएटलच्या दक्षिणेकडून उत्तरेला जाताना हे माप थोड्याच अंतरात झपकन खाली येते. म्हणजे दोन वेगळ्या उंचीवरचे खडक इथे पूर्व-पश्चिम रेषेवर शेजारी-शेजारी आणून ठेवलेले आहेत.

पुढे भूकंपलहरींच्या चाचण्या आणि विमानातून घेतलेली चुंबकीय मापे यांनी चित्र स्पष्ट झाले. रेषेच्या दक्षिणेला अल्काय पॉइंट, सीवर्ड पार्क, बेनब्रिज बेटाचे दक्षिण टोक अशा ठिकाणी कोट्यवधी वर्षांपूर्वीचा सागरी वालुकाश्म उघडा पडला आहे. उत्तरेला त्याच काळातले थर कित्येक किलोमीटर खाली गाडलेले आहेत. तिथे जे खोरे तयार झाले त्याचा तळ सात ते दहा किलोमीटर खोल आहे आणि ते गाळाने भरलेले आहे. दक्षिणेचा भाग उत्तरेच्या भागावर दाबाने चढत गेला. सुमारे चार कोटी वर्षे हे चालू आहे.

दाब कुठून येतो? ओरेगॉनचा भूखंड हळूहळू वळत उत्तरेला सरकतो आहे आणि कॅनडाचा भाग तुलनेने अचल आहे. मधला वॉशिंग्टन राज्याचा प्रदेश वर्षाला चार-पाच मिलिमीटर या गतीने आखडतो, आणि ते आखडणे सिएटलसह अनेक भ्रंशांमध्ये वाटले जाते. सिएटल भ्रंशाच्या वाट्याला वर्षाला साधारण एक मिलिमीटर येतो.

पण भ्रंश आहे म्हणजे तो जिवंत आहे असे नव्हे. कोट्यवधी वर्षांचा भ्रंश निद्रिस्तही असू शकतो. 1965 नंतर पाव शतक हा मुद्दा तसाच लोंबकळत राहिला.

ओटा आणि खाजण

बेनब्रिज बेटाच्या दक्षिण टोकाला रिस्टोरेशन पॉइंट आहे. मे 1792 मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या जहाजाने याच्याच आडोशाला नांगर टाकला होता. तिथे समुद्राला लागून एक रुंद, विलक्षण सपाट ओटा आहे. ओहोटीला पाण्याबाहेर दिसणारा, लाटांनी कापून गुळगुळीत केलेला खडकाळ तळ आजच्या किनाऱ्यावर जसा आहे, तसाच दुसरा तळ हा, पण सात मीटर वर. हळूहळू वर आला असता तर लाटांनी त्याला उतार दिला असता किंवा पायऱ्या पाडल्या असत्या. त्याचा सपाटपणा सांगतो की तो एका झटक्यात उचलला गेला.

रॉबर्ट बकनम आणि सहकाऱ्यांनी या ओट्याचा काळ ठरवला आणि हे उत्थापन गेल्या 1,700 वर्षांतले असल्याचे दाखवले. या पुराव्यात सूक्ष्म शैवालांचा मोठा वाटा होता. खाऱ्या पाण्यातले डायटम वेगळे, गोड्या पाण्यातले वेगळे. दलदलीच्या मातीत खालून वर जाताना खाऱ्याची जागा अचानक गोड्या पाण्याच्या प्रजातींनी घेतली असेल, तर ती जमीन भरतीच्या आवाक्याबाहेर उचलली गेली असे समजावे.

आता भ्रंशाच्या पलीकडे, उत्तरेला दहाएक किलोमीटरवरच्या वेस्ट पॉइंटला जाऊ. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या विस्तारासाठी खोदकाम चालू होते. ब्रायन अॅटवॉटर यांनी तिथला छेद पाहिला. जुन्या खाजणाची काळपट माती, तिच्यावर स्वच्छ वाळूची चादर, आणि त्या वाळूवर भरतीचा चिखल. या तीन थरांतच सगळी घटना आहे. खाजण होते, म्हणजे जमीन भरतीरेषेच्या थोडी वर होती. वाळू आली. त्यानंतर तिथे पुन्हा खाजण झाले नाही, चिखल साचू लागला. म्हणजे जमीन सुमारे एक मीटर खाली गेली होती. दक्षिणेची बाजू वर, उत्तरेची खाली. एवढ्या जवळच्या दोन ठिकाणी अशी उलटसुलट हालचाल घडवायला मधला भ्रंशच लागतो.

वाळूचे काय? प्युजेट साउंड आत शिरलेला, आडोशाचा समुद्र आहे. उघड्या महासागरासारख्या वादळी लाटा तिथे उठत नाहीत. अशीच वाळूची चादर भ्रंशापासून चाळीसेक किलोमीटर उत्तरेला, व्हिडबी बेटावरच्या कल्टस बे येथील खाजणातही सापडली. समुद्रतळ भ्रंशाने उचलला तेव्हा वरचे पाणी ढकलले गेले आणि त्सुनामी किनाऱ्यावर चढली, हा निष्कर्ष अॅटवॉटर आणि अँड्र्यू मूर यांनी मांडला.

या थरातली सर्वांत सुंदर गोष्ट अगदी लहान आहे. वेस्ट पॉइंटच्या वाळूत लव्हाळ्याचे देठ उभेच होते, मुळे खालच्या मातीत घट्ट. वाळू आली तेव्हा ते जिवंत होते आणि वाळूने त्यांना आहे त्या जागी झाकले. कार्बन-14 कालमापनासाठी असा नमुना मिळणे भाग्याचे. ओंडक्याचा गाभा झाड मरण्याच्या कित्येक शतके आधी तयार झालेला असतो, त्यामुळे त्याचे वय फसवते. वाहत आलेला कोळसाही जुना असू शकतो. लव्हाळ्याचा देठ मात्र एक-दोन हंगामांचा पाहुणा. त्याचे वय म्हणजे त्या दिवसाचे वय. अशा नमुन्यांवरून अॅटवॉटर यांनी 1999 मध्ये भूकंपाचा काळ इ.स. 900 ते 930 या पट्ट्यात आणून ठेवला.

सरोवरातले जंगल

शहराच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन आहे. त्याच्या पाण्याखाली झाडे उभी आहेत, हे स्थानिक लोकांना फार आधीपासून ठाऊक होते. 1916 मध्ये जहाजांचा कालवा झाला आणि सरोवराची पातळी जवळपास पावणेतीन मीटरने उतरली. तेव्हा बुडालेल्या झाडांचे शेंडे नौकांना आडवे येऊ लागले आणि छाटावे लागले. मर्सर बेटाच्या कडेचे जंगल दरडीबरोबर अख्खेच्या अख्खे घसरून सरोवरात गेले होते. थंड, शांत पाण्यात लाकूड कुजले नाही आणि कित्येक झाडांची सालही टिकली.

साल टिकली हे महत्त्वाचे, कारण सालीखालचे शेवटचे वलय म्हणजे झाडाने जगलेला शेवटचा हंगाम. गॉर्डन जेकोबी आणि सहकाऱ्यांनी या झाडांच्या वलयांचा क्रम तपासला. रुंद, अरुंद, पुन्हा दोन रुंद, मग एकदम चिंचोळे. पाऊस-थंडीच्या चढउतारांचा हा क्रम त्या मुलखातल्या त्या काळच्या झाडांत सारखाच उमटतो. मग तो वेस्ट पॉइंटच्या त्सुनामीच्या थरात सापडलेल्या डग्लस फरच्या ओंडक्याशी जुळवून पाहिला. दोन्ही जागांत वीसेक किलोमीटरचे अंतर, एक समुद्रकाठी, दुसरी सरोवरात. तरी वलये शेवटच्या वर्षापर्यंत जुळली. शेवटचे वलय दोन्हीकडे पूर्ण होते आणि पुढच्या वसंतातली वाढ सुरू झालेली नव्हती. झाडे एकाच वर्षी, शरद आणि वसंत यांच्या मधल्या काळात मेली.

रॉबर्ट कार्लिन आणि सॅली अबेला यांनी त्याच सरोवराच्या तळातून गाळाचे लांब नमुने नळ्यांनी काढले. शांत सरोवरात बारीक चिखल वर्षानुवर्षे मुकाट साचत राहतो. भूकंपाने काठ घसरले की गढूळ पाण्याचा लोट तळावरून धावतो आणि वेगळा थर मागे ठेवतो. कालगणनेला तिथे एक भक्कम टेकूही मिळतो: ओरेगॉनमधला माझामा ज्वालामुखी सुमारे 7,700 वर्षांपूर्वी फुटला, त्याची राख सरोवराच्या गाळात पातळ फिकट पट्टी होऊन बसली आहे.

ओटा, वाळू, बुडालेली झाडे, सरोवराचा गाळ आणि ऑलिंपिक पर्वतातल्या कड्यांचे कोसळणे यांवरचे पाच शोधनिबंध डिसेंबर 1992 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात छापून आले. शहराखालचा भ्रंश जिवंत आहे, याबद्दल त्यानंतर कोणी गंभीरपणे शंका घेतली नाही.

या पट्ट्यातल्या मूळ रहिवाशांच्या कथाही इथे आठवल्या पाहिजेत. कोस्ट सॅलिश लोकांच्या परंपरेत अ’याहोस नावाची, जमीन हादरवणारी आणि दरडी पाडणारी सर्पशक्ती आहे, आणि तिच्याशी जोडलेल्या काही जागा भ्रंशाच्या पट्ट्यात येतात. रूथ लडविन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये या कथा आणि जागा एकत्र मांडल्या. त्यांवरून तारीख काढता येत नाही. पण वेस्ट पॉइंटला चार हजार वर्षांपूर्वीपासून माणसे येऊन राहत होती, आणि जमीन खाली गेली तेव्हा ते पाहायला कोणीतरी असणारच.

जंगल उतरवून पाहिलेली जमीन

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात किटसॅप परगण्यात भूजलाच्या अभ्यासासाठी विमानातून लायडार मोजणी झाली. लेसरच्या लाखो ठिणग्यांपैकी थोड्या फांद्यांमधून जमिनीपर्यंत पोहोचतात. बाकीच्या गाळल्या की झाडे काढून टाकलेला नकाशा उरतो. त्या नकाशात बेनब्रिज बेटावर हिमनदीने ओढलेल्या उत्तर-दक्षिण रेघा दिसल्या, आणि त्यांना आडवी छेदणारी, पूर्व-पश्चिम जाणारी एक उंच कड. रेघा बर्फाच्या, म्हणजे कड बर्फानंतरची. दाट झाडीत पायाखालून जाऊनही ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. तिला टो जॅम हिल कड म्हणतात.

कड ओलांडून खंदक खणले गेले. अॅलन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या भिंती हातभर-हातभर नोंदवल्या. एके काळची जंगलातली काळी माती वाकून, तुटून खाली दबलेली; तिच्यावर कडेवरून ढासळलेल्या दगडमातीचा पाचरीसारखा ढीग; त्या ढिगावर पुन्हा नवी काळी माती. एवढे एक आवर्तन म्हणजे एक भूकंप. मातीतल्या कोळशाच्या वयांवरून 2,500 ते 1,000 वर्षांपूर्वीच्या काळात इथे तीन, कदाचित चार भूकंप झाल्याचे ठरले.

एक गंमत वाटावी अशी गोष्ट: मुख्य भ्रंशावर दक्षिणेची बाजू वर चढते, पण या कडेवर उत्तरेची बाजू वर आहे. मुख्य भ्रंश इथे पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. वर ढकलल्या जाणाऱ्या खडकाच्या पाचरीत उलट दिशेने कललेले दुय्यम भ्रंश फुटतात, आणि जमिनीवर दिसतात ते हेच.

तीन नोंदी, तीन आकडे

इथे प्रकरण अवघड होते, आणि माझ्या मते खरे शिकण्यासारखेही इथेच आहे. रिस्टोरेशन पॉइंटच्या दलदलीत ब्रायन शेरॉड आणि सहकाऱ्यांनी खोलवर तपासले, तेव्हा सुमारे सात हजार वर्षांत तेवढे मोठे उत्थापन एकदाच झालेले आढळले. खंदक म्हणतो, दीड हजार वर्षांत तीन-चार. सरोवराच्या गाळात गेल्या साडेतीन हजार वर्षांतले असे सात-आठ थर.

यातला कोणताही आकडा चुकीचा म्हणून टाकून द्यायचे कारण नाही. प्रत्येक नोंदवही वेगळ्या जोराची घटना टिपते. किनाऱ्याचा ओटा कित्येक मीटरच्या उचलीखेरीज काही लिहीत नाही. खंदक फक्त स्वतःखालच्या दुय्यम भ्रंशाचे लिहितो. मुख्य भ्रंश दुसरीकडे सरकला तर त्याला पत्ता नसतो. सरोवर प्रत्येक जोरदार हादऱ्याचे लिहिते, पण तो कोणाचा हे सांगत नाही: सिएटल भ्रंशाचा, शेजारच्या एखाद्याचा, की 26 जानेवारी 1700 ला झाला तसा किनाऱ्यापलीकडच्या, हुआन दे फुका भूपट्ट खंडाखाली शिरतो त्या कॅस्केडिया क्षेत्रातला महाभूकंप. ‘सिएटल भ्रंश किती वर्षांनी सरकतो?’ या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून मागणे मला चुकीचे वाटते. सात मीटर उचलणाऱ्या भूकंपाचा आकडा निराळा, धुराडी आणि जुन्या विटांच्या इमारती पाडणाऱ्याचा निराळा.

गाळाचे आणखी एक काम आहे, ते भविष्याकडे तोंड करून. नोंद जपणारे हे खोरेच पुढच्या भूकंपात हादरा वाढवते. 26 मार्च 2000 रोजी किंगडोम हे क्रीडागार सुरुंग लावून पाडले, तेव्हा शास्त्रज्ञांनी शहरभर भूकंपमापक मांडून त्या धक्क्याचा उपयोग करून घेतला. त्याआधी 1999 च्या तैवानमधल्या मोठ्या भूकंपाच्या लहरी सिएटलला पोहोचल्या होत्या, तेव्हाही खोऱ्यातल्या यंत्रांनी आजूबाजूच्या खडकावरच्या यंत्रांपेक्षा मोठी आंदोलने टिपली. थाळीत पाणी हिंदकळावे तशा संथ लहरी त्या मऊ भरावात अडकून मागे-पुढे फिरतात, आणि संथ लहरींचा त्रास उंच इमारतींना आणि लांब पुलांना अधिक. त्यात शहराच्या दक्षिणेचा औद्योगिक भाग ड्युवामिश नदीच्या मुखाशी भर टाकून बनवलेला. 2001 मध्ये तिथे वाळू पाण्यासारखी होऊन जमिनीतून वर आली होती.

एकच हिवाळा, पण एकच भूकंप?

2023 मध्ये ब्रायन ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी वर्षही निश्चित केले. इ.स. 774-775 मध्ये पृथ्वीवर विश्वकिरणांचा असाधारण मारा झाला आणि जगभरच्या झाडांच्या त्या वर्षीच्या वलयात कार्बन-14 एकदम वाढला. बुडालेल्या झाडांत ते वलय सापडले की तिथून सालीपर्यंत वलये मोजायची. जवळपास दीडशे. झाडे मेली ती 923 च्या शरदापासून 924 च्या वसंतापर्यंतच्या काळात.

त्यांनी सिएटलच्या झाडांबरोबर पश्चिमेला ऑलिंपिक पर्वताच्या पायथ्याची झाडेही तपासली. तिथे प्राइस लेकजवळ सॅडल माउंटन भ्रंशाने प्रवाह अडवला आणि जंगल पाण्यात गेले. ती झाडेही त्याच हिवाळ्यातली निघाली. याचे दोन अर्थ होतात. एक, दोन्ही भ्रंश एका दमात फाटले आणि सुमारे 7.8 तीव्रतेचा एकच भूकंप झाला. दोन, 7.5 आणि 7.3 च्या आसपासचे दोन भूकंप काही तासांच्या, दिवसांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने झाले.

झाडे इथे पुढे काही सांगू शकत नाहीत, कारण हिवाळ्यात त्यांची वाढच थांबलेली असते. ऑक्टोबरात मेलेले आणि मार्चमध्ये मेलेले झाड वलयात सारखेच दिसते. आपत्ती-नियोजनासाठी मात्र दोन्ही शक्यतांचा हिशेब वेगळा आहे. पहिलीत मुक्त होणारी ऊर्जा दुसरीतल्या दोन्ही धक्क्यांच्या बेरजेच्या जवळपास दुप्पट. दुसरीत पहिल्या धक्क्याने खिळखिळ्या झालेल्या इमारती, पूल आणि कडे उभे असताना, लोक त्यांच्यात परतलेले असताना, दुसरा धक्का येतो. धोक्याच्या नकाशांत या दोन्ही शक्यता धराव्यात, अशी या नव्या तारखेनंतरची मागणी आहे.